विमानापुढचा कोहळा

नागपूर
१७ ऑगस्ट २०२५

पद्माक्का,

नमस्कार. आईच्या पाया पडलो म्हणून सांग. विसरलीस तर ती म्हणेल, नागपूरला जाऊन परश्याला शिंगं फुटली.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. एक तर तुमच्या घरात फोन एकच आणि तो दाजींच्या खिशात. दाजींबद्दल बोलायचं तर दाजींच्याच फोनवर कसं बोलू? दुसरं म्हणजे आमचे फोन हँगरच्या दारात काढून घेतात. हँगर म्हणजे विमानाचा गोठा समज. आत रंगाचा वास एवढा की कुठं ठिणगी पडली तर सगळे वर, ते पण तिकीट न काढता.

हे पत्र पोस्टानं नाही, विमानानं आलंय. रोज विमानाबरोबर कंपनीच्या कागदांची एक थैली इकडून तिकडं जाते. सामान चढवणारी पोरं, तिकडं दाजींच्या हाताखालची आणि इकडं इथली, त्यात आपापल्या घरचं पण घालतात. कुणाची शेंगाचटणी, कुणाचं औषध. पायलट बघतात आणि न बघितल्यासारखं करतात. तू पण उत्तर दाजींच्या हातानंच थैलीत घाल, फक्त पाकीट चिकटवून दे.

आता खरं ते लिहितो. इथं सगळे बोलतायत की आपली कंपनी गेली. आपली मलप्रभा एअर म्हणजे लहान कंपनी, दोन पंख्याच्या विमानांची. तिची मालक कंपनी बेंगळुरूची. ती मालक कंपनीच आता दिल्लीच्या मोठ्या कंपनीनं घेतलीय. मालक विकला की त्याच्या गोठ्यातलं काय ठेवायचं आणि काय बाजारात न्यायचं ते नवा मालक ठरवणार. हुबळीचं ऑफिस, ज्याला हे लोक स्टेशन म्हणतात, ते राहतं की जातं कुणाला ठाऊक नाही.

माझं काय, मी नववी नापास माणूस. इचलकरंजीत माग सोडला, गोव्यात हॉटेल सोडलं, हे पण सोडीन. पण दाजींनी अळणावरच्या बाजूची सगळी पोरं आपल्या शब्दावर तिथं लावलीत. पुंडलिकनं तर त्यांच्याकडं बघून रेल्वेच्या कंत्राटातलं काम सोडलं. स्टेशन गेलं तर दाजी गावात कुठल्या तोंडानं जातील? त्यांना काय सांगितलंय ते विचारून मला कळव.

इथली पोरं माझ्या मराठीला हसतात. ‘काय करून राहिला बे कानडी’ म्हणतात. मी पण त्यांना कानडीत शिव्या घालतो, त्यांना वाटतं मी नमस्कार करतोय.

तुझा
परशा


गोकुळ रोड, हुबळी
२ सप्टेंबर २०२५

परश्या,

पत्र पोचलं. तुझं अक्षर बघून आई म्हणाली, कोंबडी शाईत पाय बुडवून फिरली वाटतं. तरी दोनदा वाचून घेतलं.

तू उगीच घाबरवतोस. इकडं वेगळीच हवा आहे. मॅनेजर गुरुप्रसाद सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की दसरा झाला की दिल्लीचे लोक तपासायला येणार. स्टेशन नीटनेटकं दिसलं तर ठेवणार. सरांनी केशवापूरच्या आपल्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं, शेवयांची खीर केली आणि तिथं हे सांगितलं. तुझ्या दाजींना शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, ‘संजीव, हे स्टेशन तुझ्या पोरांच्या हातात आहे.’ झालं. माणूस तेव्हापासून जमिनीवर नाही.

रोज विमान गेल्यावर पोरं शिड्या घासतात, ट्रॉल्यांना रंग देतात. दाजीबानपेठेच्या बाजारातून सगळ्यांना एकसारख्या शर्टाचं कापड आणलं. मी म्हटलं, अहो, त्यांना विमान हवंय की लग्नाचं वऱ्हाड? तर म्हणतात, ‘तुला नाही कळायचं. बघणारा पहिल्यांदा कपडे बघतो.’

आणखी एक खूळ डोक्यात शिरलंय. दरवर्षी नवमीला ट्रॅक्टरची आणि शिड्यांची आयुधपूजा होते ती बाहेर, गाड्या लावतात तिथं. यंदा म्हणतात, विमानासमोरच करायची. ‘नजर विमानाला लागलीय, ट्रॅक्टरला नाही.’ गुरुप्रसाद सर पण हो म्हणाले.

पुंडलिकची कौसल्या परवा आली होती. तिला पण काळजी. हे तिला म्हणाले, ‘वहिनी, मी आहे ना.’ मला ते वाक्य आवडलं नाही. पण बोलायचं कुणाला?

नीट जेवत जा. काम सोडू नकोस.

पद्मा


नागपूर
२१ सप्टेंबर २०२५

पद्माक्का,

हे पत्र दाजींना मोठ्यानं वाचून दाखव. चांगली बातमी आहे.

आपल्या दोन विमानांतलं एक गेल्या आठवड्यात आमच्या हँगरात आलं. हो, आपलंच, ज्याच्यात दाजी सामान भरतात ते! मी त्याच्याखाली उभा राहिलो आणि पोटावर हात फिरवला. दार उघडून बघितलं तर सामानाच्या खोलीत कुणीतरी खडूनं कानडीत ‘नीट ठेवा रे’ लिहिलेलं. दाजींचंच असणार.

आता त्याचा जुना रंग काढायचं काम चाललंय. ‘मलप्रभा’ हे नाव खरवडायला मलाच बसवलं. चार दिवस मचाणावर बसून एकेक अक्षर काढतोय. आधी वाईट वाटलं, हात चालेना. मग विचार केला, नाव जाईना का, विमान तर नवं होतंय. दिल्लीवाल्यांचा रंग लागणार, आतल्या खुर्च्या पण बदलणार. एवढा खर्च कोण करतो, ज्याला विमान बंद करायचंय तो? तो भंगारात घालेल. हे नटवून पाठवतायत म्हणजे चालवणार. हुबळीला नवं होऊन येणार बघ.

फोरमनला विचारलं, हे परत हुबळीला कधी? तो म्हणाला, ‘तू खरवड बे.’ तो कुणालाच काही सांगत नाही, बायकोलाही नाही म्हणे.

पोरांना पण सांग. पुंडलिकला म्हणावं, रेल्वेकडं बघू नको आता, वर बघ.

परशा


हुबळी
४ ऑक्टोबर २०२५

परश्या,

काय लिहू कळत नाही. रागावू का रडू तेही कळत नाही.

तुझं पत्र वाचून घरात पेढे आले, धारवाडहून आणले. ह्यांनी ते पत्र पोरांना पण वाचून दाखवलं. नवमीची पूजा म्हणजे जत्राच करायची ठरली. मोठा कोहळा आणला, वर भोक पाडून आत कुंकू भरलं. सुटे पैसे तर घालतातच त्यात. दरवर्षी ह्यांनी एकट्यानं घालायचे. यंदा प्रत्येक जण म्हणाला, माझे पण घाला, माझी पण नोकरी आहे. कुणी किती घातले कुणालाच ठाऊक नाही.

दिल्लीचे लोक दसरा झाल्यावर येणार होते ना? ते नवमीलाच आले. न सांगता. सकाळच्या विमानातून प्रवाशांबरोबरच उतरले, एक बाई आणि दोन पुरुष. इकडं विमानाच्या नाकासमोर हे कापूर लावलेला कोहळा ओवाळतायत. त्या लोकांना कोण ओळखणार? प्रवासी समजून ह्यांच्या पोरांतल्या आकाशनं त्यांना सुद्धा बाजूला सारलं, ‘स्वल्प सरीरी मॅडम,’ जरा सरका म्हणून. आणि ह्यांनी कोहळा आपटला.

पैसे उडाले, परश्या. तू ती जागा बघितलीयस, एकसारखी गुळगुळीत. नाणी घरंगळत कुठल्या कुठं. विमानाखाली, चाकापाशी, पंख्याकडं. विमानाच्या जागेवर खिळा पडलेला सुद्धा चालत नाही, हे ह्यांना ठाऊक नाही असं नाही. हेच पोरांना रोज झाडून घ्यायला लावतात. पण पूजेचे पैसे म्हणजे कचरा असं ह्यांच्या मनातच आलं नाही. त्या बाईनं खाली वाकून एक नाणं उचललं आणि विचारलं, ‘ये क्या है? इंजिन में गया तो?’

मग प्रवासी आत बसलेले आणि सगळी पोरं नव्या शर्टात गुडघ्यावर. नाणी शोधतायत. किती शोधायची तेच माहीत नाही, तर सगळी सापडली असं म्हणणार कोण? शेवटी ती जागा दोनदा झाडली, मग विमान सोडलं. गुरुप्रसाद सर ह्यांच्याकडं न बघता त्या लोकांना आत घेऊन गेले, चहा-पेढे दिले.

हे घरी आले तेव्हा शर्टावर कुंकू सांडलेलं. मी धुवायला मागितलं तर दिला नाही.

पद्मा


नागपूर
९ ऑक्टोबर २०२५

पद्माक्का,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, खोटं कशाला बोलू. दाजी, तुम्ही पण! विमानाच्या नाकासमोर कोहळा! इथल्या पोरांना सांगितलं तर ती लोळली. मग एकटा बसून परत वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

पण दाजींना सांग, एवढं मनाला लावून घेऊ नका. इथं हँगरात रोज कुणाच्या ना कुणाच्या हातून पाना विसरतो, शिव्या बसतात, पाना सापडतो, संपलं. नाण्यासाठी कुणी गाव सोडत नाही. विमानाला रंग लागला, निळा. शेपटीवर पांढरा पट्टा. छान दिसतंय, नवरीसारखं. परवा नेणार आहेत. हुबळीत उतरलं की मला कळव.

आणि तो शर्ट धुऊन टाक. ते झोपले की काढून घे.

परशा


हुबळी
९ नोव्हेंबर २०२५

परशुराम,

हे पत्र पोस्टानं पाठवते आहे. थैली आता नाही.

तुझं निळं विमान हुबळीला आलंच नाही. दिवाळीच्या पाडव्याला गुरुप्रसाद सरांनी बोलावलं आणि सांगितलं की शनिवारचं विमान शेवटचं. पाडव्याला, बघ. पोरांनी विचारलं, का? सर म्हणाले, ‘का म्हणून मला विचारता? नवमीला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. मी किती सावरणार?’ एवढंच. ह्यांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

शनिवारी ह्यांनी शेवटचं सामान चढवलं. एकट्यानं. बाकीचे लांब उभे होते.

सर आता बेंगळुरूला, दिल्लीवाल्यांच्याच ऑफिसात. त्यांची नोकरी राहिली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात कौसल्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्यातूनच बोलली, ‘पद्माक्का, तुमच्या नवऱ्याला देव पावायचा होता तर स्वतःच्या घरापुढं कोहळा फोडायचा. आमच्या पोटावर कशाला फोडला?’ आई मध्ये पडायला गेली तर तिला पण म्हणाली, तुम्ही गप्प बसा आजी. पुंडलिक आता अमरगोळच्या मार्केट यार्डात पोती उचलतो. आकाश गावाकडं गेला. तिथं तर म्हणे पोरांनी ह्यांचं नावच कोहळा ठेवलंय. ‘कोहळ्यानं काम लावलं, कोहळ्यानं घालवलं.’

गावात बारसं होतं, ह्यांच्या चुलतभावाकडं. आम्हाला बोलावलं नाही. आपलीच माणसं, परश्या.

हे पण यार्डात काम मागायला गेले होते. पुंडलिकची टोळी बघितली आणि रस्त्यावरूनच परत आले. दिवसभर बसून असतात. मध्येच विचारतात, ‘पद्मा, मीच आग्रह केला ना गं?’ मी नाही म्हणते. मग म्हणतात, ‘मीच केला.’

तू काहीतरी लिही. तुझं ऐकून हसायचे कधीकधी.

पद्मा


नागपूर
२४ नोव्हेंबर २०२५

दाजी,

हे पत्र तुम्हाला लिहितोय, अक्काला नाही. बसून वाचा. वाचून झालं की अळणावरची गाडी धरा आणि गावात चावडीपुढं उभं राहून मोठ्यानं वाचा. वाटलं तर तोंडात मारा कुणाच्या तरी, माझ्या नावानं.

आपलं दुसरं विमान पण आमच्याकडं आलं. त्याचंही नाव मीच खरवडलं. काल रंग बघायला दिल्लीहून माणसं आली, त्यात एक बाई. केस कापलेले, गळ्यात चष्मा. फोरमन तिच्यापुढं कमरेत वाकून बोलत होता. बोलता बोलता तो म्हणाला, मॅडम दसऱ्याला हुबळीकडं गेल्या होत्या. माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं.

मी मचाणावरून उतरलो, तोंडाचा मास्क काढला आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. फोरमन डोळे वटारतोय. मी म्हटलं, मॅडम, आप हुबळी आया था.

ती आठवायला लागली. दाजी, खरंच आठवावं लागलं तिला. मग म्हणाली, ‘हुबळी... अच्छा, वो पेढेवाले! बहुत अच्छे पेढे थे.’

मी म्हटलं, वहाँ पैसा गिरा था. कोहळे का. उसके लिए आपने बंद किया.

‘कौनसा पैसा?’

मी सगळं सांगितलं, कुंकू, नाणी, गुडघ्यावर पोरं. तिला जराजरा आठवलं. म्हणाली, हो, काहीतरी पूजा होती, असं सगळीकडंच कुठं ना कुठं होतं. आणि मग म्हणाली, ‘वो स्टेशन तो जुलाई में ही कट गया था. हम तो वहाँ सीढ़ी-ट्रॅक्टर गिनने गये थे.’

ऐकलंत का? जुलै! पावसाळ्यातच सगळं ठरलं होतं. तीच म्हणाली, त्यांना आपली दोन विमानं हवी होती आणि बेंगळुरूच्या विमानतळावर उतरायला आपल्या कंपनीला ठरवून मिळालेल्या वेळा हव्या होत्या. हुबळी नको होती. विमानं बिहारकडं चालवणार आहेत. तपासायला कुणी आलंच नव्हतं. तुम्ही घासलेल्या शिड्या विकायच्या होत्या, म्हणून मोजायला आले होते. तुम्ही त्या चकचकीत केल्या, त्यांना भाव बरा आला असेल.

आणि गुरुप्रसाद? त्याला हे ठाऊक असल्याशिवाय त्याची खुर्ची बेंगळुरूत तयार कशी होती? केशवापूरला जेवायला घालून शेजारी बसवलं तुम्हाला! पोरांनी शेवटपर्यंत मुकाट काम करावं म्हणून ती शेवयांची खीर होती, दाजी. आणि शेवटी स्वतःच्या अंगावर येऊ नये म्हणून तुमचा कोहळा पुढं केला.

मी पण गाढव. रंग लागतोय म्हणून नाचलो आणि तुम्हाला नाचवलं. ज्याची विक्री करायची ते जनावर पण आधी धुतात, हे मला कळायला पाहिजे होतं.

फोरमननं मला आज कामावर घेतलं नाही. मॅडमशी तोंड वर करून बोललो म्हणून. बरं झालं. रायपूरला जातोय, तिथं काहीतरी आहे म्हणतात. पण तुम्ही आधी गावात जा. पुंडलिकला वाचून दाखवा. कौसल्याला वाचून दाखवा. तुमची काडीचीही चूक नाही.

तुमचा
परशा

(रायपूरचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. उत्तर तिथं टाका.)


हुबळी
७ डिसेंबर २०२५

चि. परशुराम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. तुझ्या अक्कानं एकदा वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. माझ्यासाठी तू कामावर पाणी सोडलंस, हे बरं केलं नाहीस. पण तू ऐकणारा नव्हेस.

गावात जाऊन वाचायला सांगतोस. निघालो होतो. चप्पल घातली होती. तेवढ्यात दारात पुंडलिक. शेवटचं विमान गेलं तेव्हापासून तो माझ्याशी बोलला नव्हता. बरोबर आकाश आणि आणखी दोघे. आत आले, बसले. मला वाटलं, ह्यांना कुठून तरी कळलं. नाही. त्यांनी एक अर्ज आणला होता.

सगळ्यांनी मिळून ठरवलंय की बेंगळुरूला दिल्लीवाल्यांच्या ऑफिसात जायचं. अर्जात लिहिलंय की नवमीला जी चूक झाली ती एका माणसाची होती, तो माणूस माफी मागतो आहे, त्याला परत कामावर घेऊ नये, पण बाकीच्यांना काम द्यावं आणि हुबळीचं विमान सुरू करावं. आमदारांकडून पण चिठ्ठी घेतलीय. पुंडलिक म्हणाला, ‘अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. चूक कबूल केली की माणसं ऐकतात. तुमची सही पाहिजे, आणि तुम्ही बरोबर यायला पाहिजे. समोर उभं राहून हात जोडलेत तर फरक पडेल.’

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. शर्टाच्या, छातीकडल्या.

तू तिथं असतास तर तोंडावर फेकलं असतंस, मला ठाऊक आहे. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आकाश वाळलाय. पण डोळ्यांत जरा धुगधुगी होती. का, तर त्यांना वाटतंय एका माणसामुळं गेलं, तर एका माणसानं माफी मागून परत येईल. मी पत्र वाचलं असतं तर माझं नाव धुतलं गेलं असतं. त्यांना काय मिळालं असतं? ज्या बाईपुढं ते गुडघ्यावर रांगले तिला ते आठवत सुद्धा नाहीत, हे? आणि खरं सांगू, त्यांनी मानलं पण नसतं. म्हणाले असते, मेव्हण्याकडून लिहून आणलं.

आणि माझं पण ऐक. बारा वर्षं मी उतरून येणाऱ्या त्या विमानाला हात दाखवून त्याच्या जागेवर थांबवलं. माझ्या चुकीनं ते गेलं म्हटलं, तर राग येतो, लाज वाटते, पण माझ्या हातात काहीतरी होतं असं तरी राहतं. तू लिहिलंस तसं असेल तर मी तिथं कधी नव्हतोच. मला ते जमत नाही, बाबा.

मी सही केली. पद्मानं चहा केला, सगळ्यांनी घेतला. पुंडलिकनं दुसऱ्यांदा मागून घेतला.

तुझं पत्र बंबात घातलं. रागावू नकोस. तू पण हे कुणाला सांगू नकोस, कौसल्याला तर नाहीच. तिनं काल पहिल्यांदा पद्माला हाक मारली, बोअरच्या नळावर.

उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय. ऑफिसच्या दारातला वॉचमन आत सोडणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि आता तुला. पोरांनी तिकिटं एकत्र काढलीत, माझं सुद्धा. अक्का सगळ्यांच्या भाकऱ्या थापते आहे. एका बाकावर बसायचं ठरलंय, दाटीवाटीनं. बेंगळुरू येईपर्यंत मी त्यांच्यातला आहे.

तब्येत सांभाळ. रायपूरला टिकून राहा.

तुझा
संजीव